एकशे साठ एकरांचा चौकोन आणि पावसाची रेषा

अमेरिकेच्या सरकारने एकोणिसाव्या शतकात सामान्य माणसाला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट दिली, हे पुष्कळांच्या वाचनात आलेले असते. ही जमीन घेणाऱ्यांपैकी कित्येकांना ती काही वर्षांतच सोडून का जावी लागली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. सर्वसाधारण समज असा, की दुष्काळ पडला, टोळधाड आली, थंडी पडली आणि माणसे हरली. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. माझ्या मते या साऱ्या कहाणीची किल्ली १६० या आकड्यातच आहे. हा आकडा कोठून आला आणि कोणत्या मुलखाला लावला गेला हे समजले, की अमेरिकेच्या पश्चिमेकडील शेती आणि वस्ती यांचा बराचसा इतिहास उलगडतो.

प्रथम आकड्याचा उगम पाहू. स्वातंत्र्ययुद्धानंतर नव्या राष्ट्राकडे पैसा नव्हता आणि पश्चिमेला अफाट भूभाग होता. तो विकायचा तर आधी मोजायला हवा, म्हणून १७८५ साली एक कायदा झाला. त्यानुसार साऱ्या मुलखावर सरळ उभ्या-आडव्या रेषा मारायच्या होत्या. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ भाग पाडले, की प्रत्येक भाग म्हणजे सेक्शन, ६४० एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, सुमारे ६५ हेक्टर. त्याची प्रत्येक बाजू अर्धा मैल, म्हणजे आठशे मीटर लांब. डोंगर, नदी, ओढा, मुरूम, काळी माती यांपैकी कशाचीही पर्वा या रेषांना नव्हती. एकाच्या चौकोनात ओढा आणि झाडे यायची, तर शेजाऱ्याच्या चौकोनात नुसता उघडा माळ. पण या पद्धतीचा एक मोठा गुण होता, आणि तो मान्य केला पाहिजे. प्रत्येक तुकड्याला निश्चित क्रमांक मिळाला, त्यामुळे हजारो मैल दूर असलेल्या कचेरीतही तो नकाशावर अचूक दाखवता येई. ओहायो, इंडियाना, इलिनॉय या पूर्वेकडील मुलखांत पाऊस भरपूर होता आणि तेथे १६० एकर म्हणजे एका कुटुंबाला पुरून उरेल एवढे शेत होते. आकडा तेथे रुळला आणि पुढे कायद्याने तोच उचलला.

तो कायदा म्हणजे १८६२ चा होमस्टेड कायदा. त्याच्या आधी सरकारी जमीन पैसे देऊन घ्यावी लागे आणि ती बहुतेक वेळा सट्टेबाजांच्या हाती पडे. जमीन कसणाऱ्याला फुकट द्यावी अशी मागणी अनेक वर्षे चालू होती, परंतु दक्षिणेतील गुलाममालकांचा तिला कडवा विरोध होता. स्वतःच्या हाताने कसणारे छोटे शेतकरी पश्चिमेत पसरले, तर तेथे गुलामगिरी नसलेली राज्ये उभी राहतील, हे ते ओळखून होते. १८६० साली असाच एक मसुदा राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी परत पाठवला. मग यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेचे प्रतिनिधी संसद सोडून गेले आणि वाट मोकळी झाली. २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी कायद्यावर सही केली. याच युद्धामुळे दक्षिणेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्याकडची ती प्रसिद्ध कापसाची तेजी आणि अमेरिकेतील फुकट जमिनीचा कायदा ही एकाच घटनेची दोन फळे आहेत.

कायद्याच्या अटी साध्या होत्या. अर्जदार एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असावा, अमेरिकेचा नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने नोंदवलेला असावा आणि त्याने देशाविरुद्ध शस्त्र उचललेले नसावे. अविवाहित आणि विधवा स्त्रियांनाही स्वतःच्या नावाने अर्ज करता येत असे, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. सगळे मिळून साधारण अठरा डॉलर शुल्क भरायचे, जमिनीवर घर बांधायचे, पाच वर्षे तेथे राहायचे, जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार आणून हे सर्व खरोखर केल्याची शपथ घ्यायची, की मालकीचा दाखला मिळे. ज्याला पाच वर्षे थांबायचे नसेल, त्याने सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून जमीन विकत घ्यावी, अशीही सोय होती. सट्टेबाजांनी याच पळवाटेचा पुरेपूर उपयोग केला. गड्याला अर्जदार म्हणून उभे करायचे, सहा महिन्यांनी पैसे भरायचे आणि जमीन आपल्या नावावर करून घ्यायची, असा हा धंदा चाले.

अटींमध्ये कोण बसत नव्हते, हेही पाहायला हवे. कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचा हक्क युद्धानंतर, १८६६ आणि १८६८ साली स्पष्टपणे मिळाला. त्यानंतर दक्षिणेतील जाचाला कंटाळलेली हजारो कुटुंबे कॅन्सस राज्यात आली. तेथे १८७७ साली त्यांनी वसवलेले निकोडेमस हे गाव आजही आहे. चिनी स्थलांतरितांना नागरिकच होता येत नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा दरवाजा बंद राहिला. आणि मूळ रहिवासी, ज्यांची ही भूमी, तेही नागरिक मानले जात नसल्याने या कायद्याखाली त्यांना काहीही मिळत नव्हते.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे, कारण ‘मोकळी जमीन’ हा शब्द या विषयात सर्वाधिक दिशाभूल करतो. जमीन मोकळी नव्हती, ती मोकळी करण्यात आली होती. नेब्रास्का राज्यातील नद्यांच्या काठी पॉनी जमातीच्या स्त्रिया पिढ्यानपिढ्या मका, घेवडा आणि भोपळा पिकवत होत्या आणि जमात वर्षातून दोनदा बायसनच्या शिकारीला जात असे. म्हणजे शेती त्या मुलखाला नवी नव्हती. १८५७ च्या तहाने पॉनींनी आपला बहुतेक प्रदेश सोडला आणि १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उरलेली जमात दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, हलवली गेली. ओटो-मिझुरिया जमातीचेही तेच झाले. दरम्यान, कोट्यवधींच्या संख्येने फिरणारे बायसनचे कळप कातड्यासाठी आणि शिकारीच्या हौसेसाठी एवढे मारले गेले, की १८८० च्या दशकाच्या अखेरीस मोजकेच शे-दोनशे पशू रानात उरले. त्याबरोबर लाकोटा, शायेन यांसारख्या जमातींचे अन्न, वस्त्र आणि निवारा हे तिन्ही संपले. १८८७ च्या डॉज कायद्याने त्यांच्या सामायिक जमिनीचीही वाटणी केली. वाटणी किती, तर कुटुंबप्रमुखाला १६० एकर. तोच आकडा. वाटून उरलेली जमीन ‘जादा’ ठरवून बाहेरच्यांना खुली करण्यात आली. १८८७ साली मूळ रहिवाशांकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती ४ कोटी ८० लाख एकरांवर आली.

आता शेतकऱ्याकडे वळू. तो मिसिसिपी आणि मिझुरी नद्या ओलांडून पश्चिमेला आला, तेव्हा त्याला पहिल्यांदा जाणवला तो झाडांचा अभाव. पूर्वेकडे जंगल तोडून शेत करायचे आणि त्याच लाकडाचे घर, कुंपण, सरपण करायचे, ही त्याची पिढीजात रीत होती. येथे क्षितिजापर्यंत गवत आणि फक्त गवत. ते गवतही साधे नव्हते. पूर्वेकडील भागात ते माणसाच्या डोक्याएवढे वाढे आणि त्याची मुळे काही ठिकाणी दहा फूट आणि त्याहूनही खोल जात. हजारो वर्षांच्या या मुळांनी वरचा थर गोधडीसारखा घट्ट शिवून टाकला होता. लाकडी किंवा ओतीव लोखंडी नांगर त्यात चालत नसे, कारण चिकट माती फाळाला धरून बसे आणि दर काही पावलांनी थांबून ती खरवडावी लागे. जॉन डिअर या लोहाराने १८३७ साली इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला, त्याला माती चिकटेना आणि मग ही नांगरणी जमू लागली. तरीही पहिली नांगरट म्हणजे चार, सहा, कधी त्याहूनही अधिक बैलांचे काम होते. ती मेच्या अखेरीस ते जूनमध्ये करावी लागे, म्हणजे उलटलेले गवत उन्हात मरून कुजे. वेळ चुकली तर गवत पुन्हा फुटे. पहिल्या वर्षी नीट पेरणी करता येत नसे. उलटलेल्या ढेपांमध्ये कुऱ्हाडीने चीर पाडायची, तीत मक्याचे चार दाणे टाकायचे आणि पायाने दाबायचे. जे उगवेल त्यावर माणसांनी आणि जनावरांनी हिवाळा काढायचा.

त्याच थरातून घरही उभे राहिले. खास नांगराने एक फूट रुंद आणि चारेक इंच जाड पट्टे काढून त्यांचे सुमारे तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांप्रमाणे रचायचे. दोन-तीन फूट जाडीच्या या भिंती उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहत, त्यांना वणव्याची भीती नसे, आणि खर्च म्हणाल तर दारे-खिडक्यांचाच. पण पाऊस आला की छत गळे, आणि बाहेरचा पाऊस थांबल्यावरही आतला थांबत नसे. छतातून माती, किडे, कधी सापही खाली पडत, म्हणून आत कापड ताणून बांधत. सरपणासाठी स्त्रिया आणि मुले माळावर वाळलेल्या बायसनच्या रानशेण्या वेचत. बायसन संपल्यावर गाईंच्या शेण्या आल्या. वाळलेले गवत पिळून त्याचेही जाळण करीत. पाणी हा सर्वांत कठीण प्रश्न होता. ओढ्याकाठची जमीन पहिल्या आलेल्यांनी घेतलेली असे. उंचावरील माळात हाताने विहीर खणायची तर पश्चिमेकडे शंभर, दोनशे फुटांपर्यंत जावे लागे आणि एवढ्या खोलीवरून पाणी उपसायला पवनचक्की हवी. ती १८५४ पासून मिळत होती, पण तिला पैसे पडत.

पैशाचा मुद्दा येथेच आला आहे, तर तो पुरा करू. जमीन अठरा डॉलरांची असली, तरी बैलजोडी, नांगर, गाडी, बी-बियाणे, विहीर, कुंपण आणि पहिले पीक येईपर्यंतचे खाणे यांचा हिशेब पाचशे ते हजार डॉलरांपर्यंत जाई. कारखान्यात दिवसाला एक-दीड डॉलर मिळवणाऱ्या मजुराला हे परवडणारे नव्हते. म्हणूनच शहरांतील गरीब मोठ्या संख्येने पश्चिमेला गेले ही समजूत बरोबर नाही. गेले ते बहुतांशी शेजारच्या राज्यांतले शेतकरी, त्यांची मुले आणि जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, बोहेमिया येथून थोडीफार पुंजी घेऊन आलेली कुटुंबे. शिवाय चांगली जमीन पुष्कळदा रेल्वेकडे होती. रूळ टाकण्याच्या बदल्यात सरकारने कंपन्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक सेक्शन दिले होते. नकाशावर ते सोंगट्यांच्या पटासारखे दिसतात. या पट्ट्यात उरलेल्या सरकारी सेक्शनांवर होमस्टेडवाल्याला १८७९ पर्यंत साधारणपणे ८० एकरच मिळत. पूर्ण १६० हवे असतील, तर रेल्वेपासून दूर जा, आणि दूर गेलात की धान्य गाडीने स्टेशनापर्यंत वाहून नेण्यात दिवस घालवा.

कुंपणाचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण खेडेगावात राहिलेल्या कोणालाही त्याचे महत्त्व सांगायला नको. गुरे पिकात शिरली तर चूक कोणाची? पूर्वेकडे जुना नियम असा होता, की पिकाला कुंपण घालणे ही पीकवाल्याची जबाबदारी. माळावर लाकूड नसल्याने हा नियम शेतकऱ्याला बुडवणारा ठरला. नेब्रास्का आणि कॅन्सस या राज्यांनी १८७० च्या दशकाच्या प्रारंभी तो उलटवला आणि गुरे सांभाळण्याची जबाबदारी गुरांच्या मालकावर टाकली. त्यानंतर १८७४ साली जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि काही वर्षांतच स्वस्त कुंपण सगळीकडे पोहोचले. मोकळ्या माळावर हजारोंनी गुरे चारणाऱ्यांचा काळ त्या तारेने संपवत आणला.

आता मुख्य गोष्ट. उत्तर डाकोटापासून टेक्सासपर्यंत, साधारण शंभराव्या रेखांशाजवळून, एक अदृश्य रेषा जाते. तिच्या पूर्वेला वर्षाला वीस इंचांहून, म्हणजे पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पश्चिमेला त्याहून कमी. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी ओल तेथवर पोहोचेपर्यंत क्षीण होते आणि प्रशांत महासागराकडून येणारी रॉकी पर्वत अडवतो. वीस इंच ही कोरडवाहू पिकांची ढोबळ मर्यादा होय. रेषेच्या पूर्वेला १६० एकरांवर मका आणि गहू पिकवून कुटुंब जगू शके. पश्चिमेला तेवढीच जमीन कोरडवाहू शेतीला बेभरवशाची आणि गुरे पाळायला फारच अपुरी, कारण तेथील विरळ गवतावर एकेका जनावराला कित्येक एकर लागतात. ओलिताची सोय असेल तर मात्र १६० एकर एका कुटुंबाला कसण्यापलीकडचे. म्हणजे आकडा कोणत्याही बाजूने बसत नव्हता.

हे कोणाला कळले नव्हते असे नाही. यादवी युद्धात उजवा हात गमावलेले आणि १८६९ साली कोलोरॅडो नदीतून होड्यांनी प्रवास करणारे जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ साली सरकारला अहवाल सादर केला. चौकोन सोडून द्या, पाण्याच्या प्रवाहानुसार जमिनी आखा, ओलिताचे शेत ८० एकरांचे आणि कुरणाचे २,५६० एकरांचे ठेवा आणि पाण्याचा हक्क जमिनीशी बांधून टाका, असे त्यांनी सुचवले. अहवालावर तसा कायदा झाला नाही. रेल्वे कंपन्यांना, जमीन विकणाऱ्यांना आणि नव्या गावांच्या पुढाऱ्यांना माणसे हवी होती, आणि माळ कोरडा आहे असे सांगून माणसे येत नाहीत.

उलट एक वेगळाच सिद्धांत लोकप्रिय झाला, की नांगरामागून पाऊस येतो. नेब्रास्का विद्यापीठातील प्राध्यापक सॅम्युएल ऑघी यांनी तो शास्त्राच्या भाषेत मांडला आणि चार्ल्स डेना विल्बर यांनी त्याचे घोषवाक्य केले. नांगरलेली माती पाणी शोषते, ते हळूहळू वाफ होऊन वर जाते आणि पुन्हा पावसाच्या रूपाने पडते, असे हे म्हणणे. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढची काही वर्षे खरोखरच पाऊस चांगला झाला, हा निव्वळ योगायोग होता, पण लोकांना तो पुरावा वाटला. ज्याने सगळी पुंजी एका माळावर लावली आहे, त्याला आशा देणारे शास्त्र लगेच पटते. त्या शेतकऱ्यांना मी दोष देणार नाही. दोष असेल तर तो अधिकारपदावरून हे सांगणाऱ्यांचा.

संकटे आधीही येऊन गेली होती. १८७४ च्या उन्हाळ्यात रॉकी पर्वताकडून टोळधाड आली. सूर्य झाकला जाईल एवढे थवे कॅन्सस, नेब्रास्का आणि डाकोटात उतरले. त्यांनी पिके तर फस्त केलीच, पण घामाने खारट झालेले अवजारांचे दांडेही कुरतडले. हीच टोळांची जात पुढे समूळ नष्ट झाली आणि १९०२ नंतर ती जिवंत आढळलेली नाही. पर्वतातील ज्या खोऱ्यांत ती अंडी घालत असे, ती खोरी नांगराखाली गेल्याने असे झाले असावे, असे मानले जाते. त्याच १८७४ साली रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथाच्या जर्मनभाषक शेतकऱ्यांनी कॅन्ससमध्ये टर्की रेड हा तांबडा गहू आणला. तो शरद ऋतूत पेरून थंडीत जमिनीत तग धरतो आणि कडक उन्हाळ्यापूर्वी काढणीला येतो. त्या मुलखाला साजेल असे पीक शेवटी तशाच कोरड्या प्रदेशातून आलेल्या माणसांनी दिले. पुढे कॅन्सस गव्हाचे कोठार झाले, त्याची सुरुवात येथे आहे.

१८८७ पासून पावसाने पाठ फिरवली आणि पुढची दहा वर्षे अधूनमधून दुष्काळ पडत राहिला. १२ जानेवारी १८८८ रोजी, सकाळी हवा उबदार असताना, अचानक हिमवादळ आले. शाळेत गेलेली मुले घरी परतताना माळावर गोठून मेली. त्या दिवशी दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्याच काळात भावही कोसळत होते. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक बुशेल गव्हाला, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोंना, एक डॉलरच्या आसपास भाव मिळे. १८९४ साली तो पन्नास सेंटच्या खाली गेला. रेल्वे आणि आगबोटींमुळे आता लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकेचा, रशियाचा आणि सुएझ कालव्यातून कराची-मुंबईमार्गे गेलेला हिंदुस्थानचा गहू एकमेकांशी स्पर्धा करीत होता. कर्ज डॉलरात ठरलेले, व्याज डॉलरात ठरलेले, आणि ते फेडायला पूर्वीपेक्षा दुप्पट गहू लागे. मक्याला इतका कमी भाव होता, की काही हिवाळ्यांत कॅन्सस आणि नेब्रास्कातील शेतकऱ्यांनी कोळसा घेण्याऐवजी मकाच चुलीत घातला. गहाण जमिनी सावकारी कंपन्यांकडे गेल्या, गाड्या पूर्वेकडे परतू लागल्या आणि पश्चिम कॅन्ससमधील कित्येक गावे ओस पडली. जे राहिले त्यांनी संघटना बांधल्या, रेल्वेच्या भाड्यावर आणि सावकारीवर नियंत्रण मागितले. १८९२ साली ओमाहा शहरात त्यांच्या पीपल्स पार्टीचा राष्ट्रीय जाहीरनामा निघाला.

आकडा बदलायला बराच काळ जावा लागला. १९०४ साली पश्चिम नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांसाठी ६४० एकर आणि १९०९ साली कोरड्या राज्यांसाठी ३२० एकर, अशी दुरुस्ती झाली. तोवर बरेच जण येऊन गेले होते. तरीही कायदा चालू राहिला आणि एकूण सुमारे १६ लाख दाखले दिले गेले. त्यांखाली गेलेली जमीन २७ कोटी एकर होती, म्हणजे देशाच्या भूमीचा दहावा हिस्सा. अलास्का वगळता इतरत्र हा कायदा १९७६ साली रद्द झाला.

कायदा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला, त्याच दिवशी अर्ज करणाऱ्यांपैकी डॅनियल फ्रीमन हे एक होते. त्यांची जमीन नेब्रास्कातील बिॲट्रिस गावाजवळ, पावसाच्या रेषेच्या पूर्वेला, ओढ्याकाठी आणि झाडांसह होती, आणि ते तेथे अखेरपर्यंत टिकले. १९३६ साली ही जमीन राष्ट्रीय स्मारक झाली. त्यानंतर लवकरच फ्रीमन यांच्या नांगरलेल्या शेताच्या सुमारे शंभर एकरांत पूर्वीचे उंच गवत पुन्हा लावण्यास सुरुवात झाली. ते आज तेथे उभे आहे.